तापाची गोळी आणि यकृताचा हिशेब

घरोघरी औषधांचा एक डबा असतो. कुठे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, कुठे फडताळातला एखादा खण. अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, मुलांच्या पातळ औषधाची चिकट झालेली बाटली, पिळून सपाट झालेली मलमाची नळी असा ऐवज त्यात असतो. या डब्यात एक गोळी हमखास सापडते, ती म्हणजे तापाची. कुणी तिला क्रोसिन म्हणते, कुणी कॅल्पॉल, कुणी डोलो. नावे वेगळी असली तरी आतले औषध एकच आहे: पॅरासिटॅमॉल.

योग्य प्रमाणात घेतली तर ही गोळी खरोखरच सुरक्षित आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे अशा सर्वांना डॉक्टर ती देतात. मग तिच्यावर लेख कशाला? आधी एक साधा हिशेब करू.

एका मोठ्या माणसाला फ्लू झाला आहे. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी त्याने दिवसातून चार वेळा घेतली: २६०० मिलिग्रॅम. नाक वाहते म्हणून सर्दीची गोळी तीन वेळा घेतली. तिच्यात इतर औषधांबरोबर ५०० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल होते: १५०० मिलिग्रॅम. अंग ठणकते म्हणून शेजाऱ्यांनी दिलेली अंगदुखीची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली. तिच्यात ३२५ मिलिग्रॅम होते: ६५० मिलिग्रॅम. बेरीज झाली ४७५०. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम मानतात. या गृहस्थांनी कोणतीही गोळी गरजेपेक्षा जास्त घेतली नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. तीन वेगळ्या नावांच्या, तीन वेगळ्या रंगांच्या गोळ्या होत्या ना!

एखाद्या दिवशी मर्यादा थोडी ओलांडली म्हणून लगेच काही होईल असे नाही. पण प्रमाण पुष्कळ वाढले, किंवा दिवसामागून दिवस वाढत राहिले, तर इजा होते ती यकृताला. आणि ही इजा पहिल्या दिवशी जवळजवळ दिसतच नाही. माणूस चालतो, बोलतो, कदाचित थोडी मळमळ होते एवढेच. यकृताला झालेली इजा वेळेत ओळखायची कशी? या लेखात आपण याच प्रश्नाचा माग काढणार आहोत.

यकृताचे तीन दरवाजे

पोटातून आणि आतड्यांतून निघालेले रक्त थेट सगळ्या शरीरात जात नाही. ते आधी यकृतात येते. अन्नातून, औषधातून काय काय आले आहे, त्यातले काय ठेवायचे, काय बदलायचे, काय बाहेर काढायचे, याचा निवाडा तिथे होतो. पॅरासिटॅमॉल पाण्यात फार विरघळणारे नाही. त्यामुळे ते लघवीवाटे सहज जात नाही. यकृत त्याला पाण्यात सहज विरघळणारी एखादी शेपटी जोडते आणि मग त्याची रवानगी करते.

शाळा सुटल्यावर मुले बाहेर पडतात त्या दृश्याची इथे कल्पना करू. दोन मोठे दरवाजे आहेत. पहिल्या दरवाज्यात औषधाच्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्ल जोडले जाते. दुसऱ्या दरवाज्यात सल्फेट जोडले जाते. शंभर रेणूंपैकी पंचाऐंशी ते नव्वद या दोन दरवाज्यांतून निमूटपणे बाहेर पडतात. काही थोडे जसेच्या तसे लघवीत जातात.

उरलेले, शंभरातले साधारण पाच ते दहा, तिसऱ्या अरुंद दरवाज्याकडे वळतात. तिथे सायटोक्रोम पी-४५० या घराण्यातली विकरे बसलेली असतात. त्यांचे काम ऑक्सिडीकरणाचे. पॅरासिटॅमॉलचे ऑक्सिडीकरण झाले की एक तापट रेणू तयार होतो. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात नॅपकी म्हणतात, आपणही तसेच म्हणू. नॅपकीला इलेक्ट्रॉनांची हाव असते. जवळ सापडेल त्या प्रथिनाच्या गंधकयुक्त भागाला तो घट्ट चिकटतो. तिथून तो सहसा सुटत नाही.

मग रोज गोळी घेणाऱ्यांचे यकृत बिघडत कसे नाही? कारण तिसऱ्या दरवाज्यावर एक राखणदार उभा असतो: ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांचा हा छोटा रेणू आहे, आणि त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असते. नॅपकी प्रथिनाला चिकटण्याआधी ग्लुटाथायोन स्वतःला त्याच्यापुढे करतो. दोघांची जोडी जमते, तिच्यावर पुढे काही काटछाट होते आणि ती लघवीवाटे निघून जाते. एक नॅपकी गेला, त्याच्याबरोबर एक ग्लुटाथायोनही खर्ची पडला. यकृत नवा ग्लुटाथायोन बनवत राहते, म्हणून नेहमीच्या मात्रेत जमाखर्च बरोबर राहतो.

मात्रा वाढली की हा जमाखर्च कोलमडतो. सल्फेटचा साठा मर्यादित असतो, तो लवकर आटतो. पहिल्या दरवाज्याचीही एक कमाल क्षमता असते. गर्दी तिसऱ्या दरवाज्याकडे सरकते आणि नॅपकी जास्त तयार होऊ लागतो. अमेरिकेत बेथेस्डा येथे मिचेल, जोलो, जिलेट, ब्रोडी आदी शास्त्रज्ञांनी १९७३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की यकृतातला ग्लुटाथायोन सुमारे सत्तर टक्के खर्च होईपर्यंत प्रथिनांना विशेष धक्का लागत नाही. साठा त्याच्या खाली उतरला, की नॅपकी प्रथिनांना चिकटू लागतो आणि पेशी मरू लागतात.

ही गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. दुप्पट मात्रा म्हणजे दुप्पट इजा, असा हा सरळ त्रैराशिकाचा मामला नाही. एका मर्यादेपर्यंत इजा शून्य, आणि त्यानंतर ती झपाट्याने वाढते. ज्यांचा साठा आधीच कमी आहे, म्हणजे अनेक दिवस पोटात अन्न नसलेले, कुपोषित, सतत दारू पिणारे, त्यांची मर्यादा आणखी अलीकडे येते.

वर्गात करून पहा: चिंचोक्यांचा खेळ

साहित्य: ६० चिंचोके, १२ पांढऱ्या आणि २५-३० निळ्या चिठ्ठ्या. चिंचोके म्हणजे औषधाचे रेणू, पांढऱ्या चिठ्ठ्या म्हणजे सल्फेट, निळ्या म्हणजे ग्लुटाथायोन. सुरुवातीला टेबलावर १२ पांढऱ्या आणि १० निळ्या चिठ्ठ्या ठेवा. बाकीच्या निळ्या चिठ्ठ्या बाजूला.

प्रत्येक फेरीत असे करायचे. पहिल्या दरवाज्यातून ५ चिंचोके बाहेर काढा. दुसऱ्यातून ३ काढा, पण प्रत्येकाबरोबर एक पांढरी चिठ्ठी द्या. चिठ्ठ्या संपल्या की हा दरवाजा बंद. फेरीच्या सुरुवातीला जितके चिंचोके असतील त्यांतल्या प्रत्येक पूर्ण दहामागे १ चिंचोका तिसऱ्या दरवाज्यातून काढा आणि त्याच्याबरोबर एक निळी चिठ्ठी द्या. निळी चिठ्ठी नसेल तर तो चिंचोका 'मोकाट' म्हणून वेगळा ठेवा. फेरीअखेर एक निळी चिठ्ठी साठ्यात टाका. साठा मात्र १० च्या वर जाऊ द्यायचा नाही.

आधी २० चिंचोक्यांनी खेळा. खेळ तीन फेऱ्यांत संपतो आणि निळ्या चिठ्ठ्या एकदाही ८ च्या खाली जात नाहीत. मोकाट एकही नाही.

आता ६० चिंचोके घ्या. पहिल्या फेरीअखेर निळ्या चिठ्ठ्या ५ उरतात, दुसऱ्या फेरीअखेर २. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत एकेक चिंचोका मोकाट सुटतो. खेळ सात फेऱ्या चालतो.

तिसऱ्यांदा पुन्हा ६० चिंचोके घ्या, पण दुसऱ्या फेरीनंतर निळ्या चिठ्ठ्या पुन्हा १० करा. मोकाट एकही नाही! हेच चौथ्या फेरीनंतर केले तर? दोघे आधीच सुटलेले असतात.

यातले आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, ते यकृतातले नव्हेत. मुलांना मात्र एक प्रश्न जरूर विचारा: धोका सगळ्यात आधी कशावरून कळला? मोकाट चिंचोके मोजून, की निळ्या चिठ्ठ्यांचा साठा पाहून?

फसवा दिवस

या प्रश्नाचे उत्तर मुले चटकन देतील. वैद्यकाला मात्र ते अंमलात आणायला बराच काळ लागला.

पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेने यकृत निकामी झाल्याच्या नोंदी ब्रिटनमधून १९६६ साली प्रसिद्ध झाल्या. अशा रुग्णांचा पुढचा प्रवास आता चांगला माहीत आहे. पहिले चोवीस तास मळमळ, उलटी, थकवा, किंवा काहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या थांबतात. 'बरे वाटते आहे' असे रुग्ण म्हणतो, पण उजव्या बरगडीखाली दुखू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी इजा कळसाला पोचते. कावीळ, रक्त न गोठणे, ग्लानी ही लक्षणे गंभीर रुग्णांत दिसतात. जे यातून वाचतात त्यांचे यकृत पुढच्या काही आठवड्यांत बहुधा पूर्ववत होते. पेशी पुन्हा वाढवण्याची यकृताची ताकद विलक्षण आहे.

आपल्याकडे यकृताची तपासणी म्हटली की एसजीपीटी हे नाव सगळ्यांना ठाऊक असते. प्रयोगशाळांच्या कागदावर त्याला एएलटी असेही लिहिलेले असते. रक्तातील या विकराची मोजणी १९५० च्या दशकाच्या मध्यात सुरू झाली. हे विकर यकृताच्या पेशींत भरपूर असते आणि रक्तात अगदी थोडे. साधारण ४० एककांच्या आत. पेशी फुटली की ते बाहेर सांडते. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेत हा आकडा दहा हजारांच्याही पुढे जाऊ शकतो.

चाचणी उत्तम आहे. तिची अडचण तिच्या कामातच आहे. ती सांडलेले विकर मोजते, म्हणजे भिंत पडल्यानंतरच बोलते. आकडा चढायला साधारण बारा ते चोवीस तास लागतात. शिवाय ती इजेचे कारण सांगत नाही. विषाणूजन्य काविळीतही एसजीपीटी वाढते, आणि स्नायूंना मोठी इजा झाली तरी थोडीफार वाढते. आपल्या खेळाच्या भाषेत, ती मोकाट चिंचोके मोजते.

घड्याळाशी शर्यत

उशीर झाला तर काय बिघडते? या विषबाधेवर चांगला उतारा आहे, पण त्याचे सारे यश वेळेवर अवलंबून आहे.

ग्लुटाथायोन संपल्यामुळे इजा होते, तर तो भरून काढावा हे ओघानेच आले. पण ग्लुटाथायोन तसाच टोचला तर पेशीत नीट शिरत नाही. म्हणून तो बनवायला लागणारे सिस्टीन पुरवायचे. एडिनबरोचे लॉरी प्रेस्कॉट यांनी १९७४ साली सिस्टीनसारखे एक रसायन रुग्णांना देऊन पाहिले. त्याचा उपयोग झाला, पण त्रासही फार होता. पुढे १९७७ पासून त्यांनी एन-ॲसिटिल-सिस्टीन वापरले आणि १९७९ साली त्याचे यश प्रसिद्ध केले. हेच औषध आजही जगभर वापरात आहे. छातीतला कफ पातळ करायलाही ते देतात. अतिमात्रेनंतर आठ तासांच्या आत ते सुरू झाले तर यकृत जवळजवळ पूर्णपणे वाचते. नंतरही त्याचा फायदा होतो, पण तासागणिक कमी.

आता पेच लक्षात येईल. उतारा आठ तासांच्या आत हवा, आणि एसजीपीटी बोलणार बारा तासांनंतर. मग डॉक्टरांनी कशावर भरवसा ठेवायचा?

पहिला मार्ग सापडला तो यकृताच्या कामाचा वेग पाहून. निरोगी माणसाच्या रक्तातले पॅरासिटॅमॉल दर दोन-तीन तासांनी निम्मे होते. प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांना १९७१ साली दिसले, की ज्यांच्या यकृताला इजा होते आहे त्यांच्यात निम्मे व्हायला चार तासांहून जास्त वेळ लागतो. दरवाजे तुंबल्याची ही खूण.

याच धाग्यावर अमेरिकेतील रुमॅक आणि एडिनबरोचे मॅथ्यू यांनी १९७५ साली एक आलेख मांडला. आडव्या अक्षावर गोळ्या घेतल्यापासूनचे तास, उभ्या अक्षावर रक्तातले औषध. उभा अक्ष लॉग मापाचा घेतला की दर चार तासांनी निम्मी होणारी राशी सरळ रेषेत येते. सध्या अनेक देशांत वापरतात ती रेषा चार तासांना दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमपासून सुरू होते. आठ तासांना ७५, बारा तासांना साडेसदतीस. रुग्णाचा बिंदू रेषेच्या वर पडला तर उतारा सुरू करायचा, माणूस कितीही ठणठणीत दिसो. ब्रिटनने २०१२ पासून ही रेषा आणखी खाली, १०० वर आणली. दहावीच्या मुलांना लॉग कागदाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

या आलेखालाही मर्यादा आहेत. चार तासांच्या आधी औषध पुरते शोषलेले नसते, म्हणून तेव्हाचा आकडा उपयोगाचा नाही. गोळ्या एकदमच घेतल्या होत्या आणि केव्हा घेतल्या हे माहीत आहे, असे त्यात गृहीत आहे. आपले सुरुवातीचे गृहस्थ आठवा. त्यांनी चार दिवस तीन प्रकारच्या गोळ्या घेतल्या. त्यांच्यासाठी शून्य तास कुठला?

हिशेबवहीतल्या नोंदी

म्हणून शास्त्रज्ञांनी यकृताच्या चयापचयाची हिशेबवहीच उघडायची ठरवली. प्रत्येक दरवाज्यातून बाहेर पडणाऱ्या रेणूवर त्या त्या दरवाज्याचा शिक्का असतो. रक्तात आणि लघवीत हे शिक्के शोधले तर आत काय चालले आहे ते पेशी फुटायच्या आधी कळू शकेल. अशा खुणेच्या रेणूंना चयापचयी दर्शक म्हणतात.

पहिली नोंद तिसऱ्या दरवाज्याची. नॅपकी आणि ग्लुटाथायोन यांच्या जोडीपासून झालेले पदार्थ लघवीत मोजता येतात. ते वाढले, म्हणजे निळ्या चिठ्ठ्या वेगाने खर्च होत आहेत. अमेरिकेत निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे रोज ४ ग्रॅम पॅरासिटॅमॉल देऊन केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एक तृतीयांशाच्या आसपास लोकांत एसजीपीटी मर्यादेच्या तिपटीहून वर गेली. बाकीच्यांत गेली नाही. मात्रा तीच, मग फरक कशाचा? नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी अशाच स्वयंसेवकांची लघवी चुंबकीय अनुस्पंदनाच्या यंत्रात तपासली. औषध सुरू होण्याआधीच्या लघवीवरून दोन गट वेगळे करता आले नाहीत. पण औषध सुरू झाल्यावर लवकरच घेतलेल्या, एसजीपीटी चढण्याच्या आधीच्या लघवीवरून ते करता आले. वेगळेपण दाखवणाऱ्या रेणूंत नॅपकीपासून झालेले रेणू होते. हे काम २०१० साली प्रसिद्ध झाले.

दुसरी नोंद राखणदाराच्या साठ्याची. सिस्टीनचा तुटवडा पडला की ग्लुटाथायोन बनवणारी विकरे हाती लागेल तो कच्चा माल वापरतात, आणि ग्लुटाथायोनसारखाच, पण गंधक नसलेला ऑफ्थॅल्मिक आम्ल नावाचा रेणू तयार होतो. जपानमधील शास्त्रज्ञांनी २००६ साली उंदरांत दाखवले, की पॅरासिटॅमॉलने ग्लुटाथायोन उतरला की रक्तात हा रेणू चढतो. गिरणीत गहू संपल्यावर कोंडा दळला जावा, तसा हा प्रकार. उंदरांत ही खूण सुरेख दिसते. यकृत निकामी झालेल्या रुग्णांत मात्र कोण वाचेल हे तिच्यावरून सांगता आले नाही.

तिसरी नोंद पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे तंतुकणिकांची. नॅपकी चिकटतो त्यांतली महत्त्वाची प्रथिने इथली असतात. तंतुकणिकांत मेदाम्ले जळून ऊर्जा मिळते. कार्निटिन नावाचा रेणू त्यांना आत वाहून नेतो. भट्टी विझली की मेदाम्ले कार्निटिनच्या पाठीवर तशीच अडकून राहतात आणि ही जोडी रक्तात उतरते. हीही खूण उंदरांत लवकर दिसते. पण उतारा दिला की ती पुसट होते, त्यामुळे उपचार सुरू झालेल्या रुग्णांत तिचा उपयोग कमी. भट्टी विझल्याची दुसरी खूण, रक्तातले लॅक्टेट, साध्या प्रयोगशाळेतही मोजता येते. अत्यवस्थ रुग्णाच्या यकृतरोपणाचा विचार करताना डॉक्टर ते पाहतात.

चौथी नोंद उशिरा आलेल्यांसाठी. नॅपकी चिकटलेली प्रथिने पेशी फुटल्यावर रक्तात येतात आणि कित्येक दिवस तिथे सापडतात, औषध स्वतः केव्हाच नाहीसे झालेले असले तरी. अमेरिकेत यकृत अचानक निकामी झालेल्या आणि कारण न सापडलेल्या रुग्णांच्या रक्तात ही प्रथिने शोधली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३६ पैकी ७ जणांत ती सापडली. त्यांनी घेतलेली गोळी कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

आणखी एक गंमत आतड्यातली. तिथले काही जिवाणू टायरोसिन या अमिनो आम्लापासून पॅरा-क्रेसॉल बनवतात. शरीर त्याचीही रवानगी सल्फेट जोडून करते, म्हणजे आपल्या दुसऱ्याच दरवाज्यातून. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे जेरेमी निकल्सन आणि सहकारी यांनी २००९ साली दाखवले, की ज्यांच्या लघवीत आधीपासूनच पॅरा-क्रेसॉल सल्फेट जास्त असते, ते पॅरासिटॅमॉलला सल्फेट कमी प्रमाणात जोडतात. त्यांच्या पांढऱ्या चिठ्ठ्या जिवाणूंनी आधीच वापरलेल्या असतात. तीच गोळी दोघांच्या पोटात वेगवेगळी का वागते, याचे एक कारण असे आतड्यातल्या पाहुण्यांपर्यंत पोचते.

यांतल्या बहुतेक तपासण्या अजून संशोधनाच्या प्रयोगशाळांतच आहेत. त्यांना लागणारी यंत्रे महाग आहेत, आणि उंदरांत खरी ठरलेली खूण माणसांत पडताळून घ्यावी लागते हे आपण पाहिलेच. रुग्णाच्या खाटेपाशी आज निर्णय होतो तो रक्तातले औषध, घड्याळ, एसजीपीटी आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवर. शंका असेल तर अहवालाची वाट न पाहता उतारा सुरू करतात.

आपल्या हाती काय आहे

महागडे यंत्र आपल्या हाती नाही. पण गोळीच्या पट्टीची मागची बाजू आहे. मुलांना घरातल्या रिकाम्या पट्ट्या आणि खोकी आणायला सांगा. भरलेल्या पट्ट्या नकोत, हे बजावून सांगा. सर्दी, ताप, अंगदुखी, पाळीतली पोटदुखी यांच्या किती औषधांत पॅरासिटॅमॉल आहे आणि किती मिलिग्रॅम, याचा तक्ता वर्गाने करावा. पातळ औषधांच्या बाटल्याही पाहाव्यात. एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, १२५ मिलिग्रॅम असलेली बाटली आणि २५० मिलिग्रॅम असलेली बाटली दिसायला सारख्याच असतात. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला तर बाळाला दुप्पट औषध जाते. बाळाची मात्रा वजनावर ठरते, आणि ती डॉक्टरांना विचारूनच द्यायची.

आणखी एक गोष्ट, शिक्षक म्हणून. एखाद्या मुलाने किंवा मुलीने चुकून, रागाच्या भरात किंवा निराशेने जास्त गोळ्या घेतल्याचे आपल्याला कळू शकते. 'काही होत नाहीये, बरी आहे मी' असे ती म्हणेल, आणि ते खरेही असेल, कारण पहिला दिवस असाच असतो. वाट पाहू नका, रागावू नका. लगेच तिला रुग्णालयात न्या, पट्टी किंवा बाटली बरोबर घ्या आणि किती वाजता घेतल्या ते लिहून ठेवा. त्या एका वेळेवर डॉक्टरांचा सगळा आलेख उभा असतो. नंतर तिच्याशी बोलणारे, ऐकून घेणारे कुणीतरी हवे. सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर त्यासाठी आहे.

साध्या उपायांची ताकदही कमी नसते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ पासून पॅरासिटॅमॉलच्या एका पाकिटात किती गोळ्या असाव्यात यावर कायद्याने मर्यादा आली. पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये या औषधाने होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. पाकीट लहान झाले, एवढाच तो बदल.

वर्गाचा तक्ता तयार झाला की तो शाळेच्या फलकावर लावा. एक प्रत मुलांना घरी न्यायला द्या, आणि औषधाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायला सांगा.